त्रेचाळीस जागा

सावईवेऱ्याच्या जत्रेला त्रेचाळीस दुकानं लागतात.
पायऱ्यांजवळची जागा ज्याला मिळते त्याचं वर्ष निघतं.
जनरेटरमागची मिळते
तो तीन रात्री डिझेल खातो.

पूर्वी चिठ्ठ्या तांब्यात घालत.
मग कुणीतरी म्हणालं, तांब्याचं तोंड मोठं
आणि सेक्रेटरीची बोटं लांब.
म्हणून प्रोग्राम. म्हणून मी,
पर्वरीला नोकरी, गावची लेक, फुकटात.

पहिल्या वर्षी मी घड्याळ पेरलं.
चार वाजून सात मिनिटं, एवढ्याच एका आकड्यातून
सगळी यादी उगवली, पिसल्यासारखी दिसणारी.
फुगेवाल्या आगुस्तीनचा मुलगा तेव्हा डिप्लोमाला होता.
त्यानं घरी तोच प्रोग्राम त्याच मिनिटावर चालवला:
यादी तशीच्या तशी, जनरेटरपर्यंत.
गावात बोलला नाही. मला प्रिंट आणून दिली.
"बाय, हें आदींच थारिल्लें."

यंत्राला आपणहून काही सुचत नाही.
कुठलाही एक आकडा सांग म्हटलं
तर ते मागच्या आकड्याच्या पाठीवर पुढचा बसवतं.
म्हणून खाली विचारायचं, ऑपरेटिंग सिस्टिमला.
तिच्याकडे एक फाईल असते, कुठेही न ठेवलेली,
उघडली की वाहते,
दोनदा वाचली तर दोनदा निराळी.
डिस्क कधी दचकून जागी झाली,
वायफायचं पाकीट कितव्या क्षणाच्या कितव्या तुकड्यात येऊन धडकलं,
'ळ' शोधताना माझं बोट किती अडखळलं,
असलं सगळं घुसळून, मूळ ओळखू येणार नाही इतकं घुसळून
ती एकेक बाइट तळहातावर ठेवते.

बाइटमध्ये दोनशे छप्पन्न शक्यता.
त्रेचाळीसने भाग जात नाही, एकेचाळीस उरतात.
ते तसेच वाटले तर शेवटच्या दोन जागांवर
किंचित अन्याय.
म्हणून दोनशे पंधरा किंवा त्यावरचं काही आलं
की टाकायचं, पुन्हा मागायचं.
ह्या किंचितवर मी एक अख्खा रविवार घालवला.
समितीला समजावून सांगितलं.
उपेंद्रबाब म्हणाले, चहा घे.

यंदा ऐन सोडतीला वीज गेली.
आली तेव्हा देवळाचा जुना कॉम्प्युटर कण्हत उठला.
मी विचारलं.
तो गप्प.
चूकही दाखवीना.
नुकता जागा झालेला, अजून त्याच्यापाशी
अनपेक्षित असं काही साठलंच नव्हतं,
आणि नसताना द्यायचं नाही एवढी त्याची सचोटी.
सभामंडपात दीडशे माणसं.
"कितें जालें गो?"

आत भट कुणाच्या तरी घरासाठी कौल लावत होता.
पिटकुळीच्या ओल्या कळ्या देवीच्या अंगावर,
उजवी की डावी.
चार माणसं हात जोडून, पाचवी एक मुलगी
आईच्या पदरामागून कळीवर नजर रोखून.
पडेना.
फुंकर मारायची नाही, नियम तेवढाच.
मी उगाच माउस ओढला, कळा बडवल्या, थांबले.

मग एकदम त्रेचाळीस नावं.
तिकडची कळी कधी पडली, मी पाहिलं नाही.

खाजेवाल्या प्रेमावती हळर्णकरांना जनरेटरमागची जागा.
सलग तिसऱ्यांदा.
"तुजें मशीन म्हाका वळखता," त्या म्हणाल्या.
पहिली खेप घड्याळाची होती, तिचा दोष माझा.
पुढच्या दोन मात्र खऱ्या.
खरं बेहिशोबी असलं की असंही होतं, मी सांगू लागले,
अठराशे एकोणपन्नासात एकदा.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
"ती एकदा म्हणजे मीच का?"

प्रोग्राम मी त्या रात्री परत वाचला, ओळीओळीने.
चूक असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जनरेटरमागे गेले, अर्धा किलो घेतलं.
आल्याचा पाक बोटांना चिकटत होता, कागदाला डिझेलचा वास.
त्यांनी वजन केलं
आणि वर एक मूठ टाकली, न मोजता.