खिडकी क्रमांक दोन

पंचवटीच्या ऑफिसात बसते मी,
जन्म शेजारच्या खिडकीत, माझ्याकडे उरलेलं.
लोक रडून झाल्यावर येतात इथे
आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन
आणि भांडतात एका मात्रेवरून:
खैरनारचं खेरनार झालं, मॅडम,
बँक म्हणते, हा माणूस मेलेलाच नाही.

परवा श्रीपत खैरनार आले. स्वतःच.
म्हणाले, फॉर्म द्या, माझाच.
पोरं तेव्हा घाईत असतील, चुका करतील.
चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांतल्या चुका शोधल्या मी,
आता माझ्यातच एखादी राहायला नको.

दुपार. पंखा. रामकुंडावरून आलेल्या कुणाची तरी
ओली चप्पल दारात, एकच.
निळ्या शाईनं त्यांनी भरलं
नाव, आईचं नाव, मुक्काम जेलरोड,
व्यवसाय: निवृत्त.
तारखेच्या रकान्याशी पेन थांबलं.
टोपण लावलं. काढलं. परत लावलं.

भीती वाटते का, मी विचारलं.
विचारायला नको होतं,
तसा रकाना नाही फॉर्ममध्ये.

दुखण्याची नाही, म्हणाले,
सरणाचीही नाही, अमरधामला किती जणांना पोचवून आलोय.
पण बघा, रोज लाखांनी नोटा जायच्या हाताखालून,
बोटांचा वास घरी जेवतानाही सुटायचा नाही,
आणि सुटीच्या वेळी गेटवर झडती.
खिसे उलटे. डब्याचं झाकण उघडं.
कधी काही सापडलं नाही हो माझ्याकडे.
दिवसही तसेच मोजले मी,
करकरीत, नंबरवार, दुसऱ्या कुणाचे तरी.
आता भोंगा व्हायच्या बेतात आहे
आणि रात्री दचकून जाग येते:
त्या गेटवर
खिशात निदान एक तरी सापडायला हवा होता.

मी काहीच बोलले नाही.
शिक्क्याचं पॅड वाळलं होतं,
त्यावर दोन थेंब पाणी टाकलं.

बाहेर झेरॉक्सवाल्याला द्यायला
त्यांनी दहाची नोट काढली, नवी,
सवयीनं उजेडात धरली,
गोदेकडून येणाऱ्या उन्हात,
बराच वेळ.
मग घडी घालून
वरच्या खिशात ठेवली
आणि चिल्लर शोधू लागले.