करंगळी

मारोसच्या डोंगरांना पायथा नाही.
भातखाचरांतून ते एकदम उभे राहतात,
जेवता जेवता कुणी हाक मारल्यावर
माणूस उठतो तसे.

आम्बो तुवो शिडीखाली चपला काढतो.
मीही काढते. पवित्र जागा आहे का, विचारते.
"आत चिखल जातो," तो म्हणतो.

मग वटवाघळांचा वास,
आणि टॉर्चच्या गोल उजेडात
एक हात.
शेजारी दुसरा. वर तिसरा, अगदी लहान,
कुणीतरी खांद्यावर घेतल्याशिवाय
तिथवर पोचला नसता.

खडकावर पंजा टेकवायचा,
तोंडात धरलेला गेरू फुंकायचा,
आणि हात काढून घ्यायचा.
म्हणजे जे दिसतंय, तेवढ्यालाच रंग लागलेला नाही.
हात उचलला म्हणून हात उरला.
वीस वर्षं मी नेमकं उलटं करत आले,
कुणीच नव्हतं तिथे शाई भरत.

काही बोटं मागाहून निमुळती केलीत,
नख्यांसारखी.
म्हणजे त्यालाही पहिला खर्डा पटला नव्हता.
(इथे मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?)

आम्बोकडे चौकटींची वही आहे.
भिंतीचा पापुद्रा कुठे किती सुटला
ते तो दर महिन्याला पेन्सिलीने टिपतो.
"ही करंगळी गेल्या पावसाळ्यात होती."
आता तिथे पांढरं, खपली निघाल्यावर दिसतं तसं.
लांब कुठेतरी सिमेंटचा कारखाना दात खातोय.

"तुम्ही काय करता?"
लिहिते.
"किती टिकतं?"
मी टॉर्च वटवाघळांकडे फिरवते.

संध्याकाळी त्याच्या लेकीचं नवं घर,
लाकडाचं, उंच खांबांवरचं.
तांदळाच्या ओल्या पिठात हात बुडवून
म्हाताऱ्या खांबांवर ठसे उठवतायत.
गुहेतल्यासारखे? मी घाईने विचारते.
आम्बो खांदे उडवतो. ते तिकडचं. हे घराचं.
"घराला माणसं कळायला हवीत ना,"
बेस्से म्हणते, आणि परात माझ्यापुढे सरकवते.

मी उजवा पुढे करते, लिहायचा.
मग मागे घेते. डावा बुडवते.
लाकूड अजून ओलं होतं,
रंध्याचा वास होता त्याला.

सकाळी निघताना पाहिलं,
माझ्या हाताला मुंग्या लागल्या होत्या.
सुरुवात करंगळीपासून.