वाढत्या अंगाचं

देवळाली कॅम्पात, लोटन अहिरे हवालदारांच्या ओसरीत
स्कीच्या दोन जोड्या भिंतीला टेकवलेल्या.
एक लाल, रुंजीच्या डोक्यावर वीतभर उंच.
दुसरी फिकट निळी, टोकाशी खरचटलेली,
तिच्या हनुवटीला येऊन थांबणारी.

रुंजीनं लाल केव्हाच निवडलीय.
खरं सांगायचं तर मीही.
आमच्याकडे सगळं वाढत्या अंगाचं घेतात:
गणवेशाला आतून चार बोटं दुमड,
बुटाच्या चवड्यात कापसाचा बोळा.
माझी पहिली सायकल मी दोन वर्षं
नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारली
आणि जेव्हा सीटवर बसून पाय टेकले
तेव्हा ती चोरीला गेली.

हवालदार विचारतात, वजन?
सतरा किलो, वर थोडं.
पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये, माझ्या कामाच्या जागी,
काट्यावर उभी केली होती तिला क्रेटच्या पाठोपाठ.
क्रेट जड भरलं.

मग ते लाल जोडी फरशीवर मांडतात, रुंजीला वर उभी करतात,
मधल्या कमानीखालून वर्तमानपत्राचा कागद सरकवतात.
कागद आला तसा निघून जातो, पलीकडे, सहज.
निळीखाली तो अडकतो.
"ही हिचं ऐकते," म्हणतात,
"ती ऐकणार नाही. पाय मारेल बिचारी,
आणि जागच्या जागी."

मी म्हणतो, पण पुढच्या वर्षी...
"पुढच्या वर्षीची पोर पुढच्या वर्षी येईल, साहेब.
बर्फावर यंदाची जाणार आहे."

निळी पालथी करून दाखवतात. तळाला खवले,
गोदावरीतल्या माशासारखे, सगळे एकाच दिशेनं निजलेले.
रुंजी त्यांवरून बोट फिरवते: असं गेलं की गुळगुळीत,
उलट आलं की खरखर.
पुढं जाऊ देणारं, मागं घसरू न देणारं.
एवढं मी इतकी वर्षं कशात शोधत होतो
ते आठवत नाही, पण शोधत होतो.

तेवढ्यात केलाँगहून शलाका. आवाज येतो, जातो.
"खवले आहेत? बघ हं, रोज मेण चोळायला
मला वेळ नाही व्हायचा.
आणि टाच मोकळी पाहिजे. टाच उचलता आली नाही
तर ती चालणार कशी?"
दिवसभर डोंगर फोडून रस्ता करणारी ही बाई
सुट्टीच्या दिवशी लेकीला नेणार आहे
रस्ता जिथं संपतो तिथून पुढे.
मी काही बोलत नाही. मग विचारतो, थंडी किती?
"तुला नको सांगायला."

रुंजीला थंडी माहीत आहे ती निफाडची.
गेल्या पौषात पारा उतरला, बागेत शेकोट्या पेटल्या,
पहाटे द्राक्षाच्या पानावर दव गोठलेलं,
तिनं नखानं खरवडून जिभेवर ठेवलं
आणि मला विचारलं, आईकडे हेच आहे का,
फक्त जास्त?

हवालदार आता तिला ओसरीतच पाडतात.
शब्दशः पाडतात, गोधडीवर, एका कुशीवर.
"आधी पडणं. मग उठणं. चालणं आपोआप येतं."
ती सहा वेळा पडते, सात वेळा मागते.

पैसे ते मोजून घेत नाहीत, खिशात घालतात.
लाल जोडी पुन्हा माळ्यावर चढते.
स्कूटरवर निळी उभी बांधली, माझ्या पाठीशी,
तिच्या छातीशी. बिटको चौकात सिग्नलला
शेजारचा रिक्षावाला विचारतो, फळ्या कसल्या?
रुंजी सांगते, माझ्या मापाच्या.

घरी दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या रेघा आहेत,
दर वाढदिवसाची एक, डोक्याच्या वर पट्टी धरून.
आज मी पेन्सिल हनुवटीशी नेतो.
हलू नकोस, म्हणतो, बोलूही नकोस जरा.
ती ओठ मिटून उभी राहते. राहते.
मग, रेघ अर्धी असतानाच:
लाल कुणी नेली तर?