पसंतीचा देश

सुंबरवुलुहच्या गावकचेरीत मी कारकून आहे.
एक टेबल, एक गोल शिक्का,
एक पंखा, तो मान हलवतो, वारा देत नाही.
सोमवारी बाहेर जाणाऱ्यांचे अर्ज भरायचे:
नाव, जन्मतारीख, पसंतीचा देश.

पसंतीचा देश म्हणजे हाँगकाँग, नाहीतर तैवान,
किंवा नुसतंच "घेतील तिथं".
मागच्या साली छत्तीस शिक्के मारले.
त्यातून अकरा घरं पक्की झाली,
गुलाबी फरशी, दाराशी सिमेंटचे दोन सिंह
आणि आत कुणी नाही.
म्हातारा असतो एखादा, मागच्या पडवीत,
जुन्याच बांबूच्या बाजेवर,
फरशी पायांना गार लागते म्हणून.

बाकी गाव जागच्या जागी आहे.
ज्वालामुखी समोर, खाचरं त्याच्या पायथ्यापर्यंत.
पाटाच्या पाण्याची पाळी रात्री दोनला आली
की पोनिजान बॅटरी घेऊन बांधावर बसतो,
लवंगेची सिगारेट ओढत,
वरच्या आळीनं दगड सरकवू नये म्हणून.
तीस वर्षांत कुणी सरकवलेला नाही.
तरी बसतो.

आवणीला बायका पुरत नाहीत.
साठीच्या आतली एकटी तुमिनी,
तिनंही परवा हळूच विचारलं,
तैवानात वयाची अट किती.

वागिराह आली ती भर दुपारी, छत्री मिटत.
तीन खाचरं, एक नारळ, विहिरीत अर्धा वाटा
नातीच्या नावे करायचा होता.
जन्मतारीख विचारली तर म्हणाली,
"मंगळवार. बाजारच्या पाच वारांतला वागे.
राख पडत होती, आई भांडी पालथी घालत होती."
मी एक तारीख ठोकून दिली.
सरकारी रकान्यात राख बसत नाही.

"नातीची संमती लागेल," मी म्हणालो,
आणि माझ्याच फोनवरून लावला.
आधी छत दिसलं, मग अंगठा, मग लास्मी.
तिच्यामागे चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी,
गळ्याला लाळेरं, केस चापूनचोपून विंचरलेले.
लास्मीचा पगार त्या केसांचा.
इकडे वागिराहचा अंबाडा सुटलेला,
तो तिचा तिलाच बांधायचा असतो.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.
शेजारच्या परड्यातून बघावं तसं.

तिकडची काहीतरी पुटपुटली. लास्मी म्हणाली,
"विचारतायत, यंदा पाणी वेळेवर आलं का?"
"परवा रात्री आलं म्हणावं."
पुन्हा पुटपुट.
"म्हणतायत, त्यांचं खाचर विमानतळात गेलं.
धावपट्टीखाली आहे कुठंतरी."

वागिराह काही बोलली नाही.
कमरेच्या पट्ट्यातून तिनं अनी-अनी काढली,
बोटांत मावणारं पातं,
लोंबी खुडताना मुठीत झाकून धरायचं,
देवी श्रीला दिसू नये, ती भिऊ नये म्हणून.
आता सगळे विळ्यानंच कापतात;
ही पहिली मूठ तेवढी अजून अशी घेते.
तिनं ते पातं फोनसमोर धरलं,
झाकलं नाही.
तिकडून एक हात उचलला गेला,
थरथरत काचेपर्यंत आला,
मग चित्र थिजलं.
रेंज गेली असेल, किंवा औषधाची वेळ झाली असेल.

संमतीचं विचारायचं राहूनच गेलं.
मी कागद खणात सारला, म्हणालो, पुढच्या सोमवारी या.
ती उठली नाही.
टेबलावरचा कोरा अर्ज उलटसुलट करत बसली.
अक्षर येत नाही तिला, पण रकाने ओळखते.

"तिला इकडं यायचं असलं तर हाच भरायचा?"

"असा अर्ज आपल्याकडे नाही, आजी."

"मग छापून घे," छत्री उघडत म्हणाली,
"आवणीला माणूस हवंच आहे.
खुर्ची बांधावरून कशी न्यायची
ते पोनिजान बघेल.
नाहीतरी रात्रभर बसलेलाच असतो."