नग एक

देवगड बंदरात बर्फ मिळतो एकाच ठिकाणी,
जेटीमागच्या कारखान्यात, अमोनियाच्या वासात,
आणि तो मासळीसाठी असतो.
मी तीन खोकी घेऊन गेले तेव्हा
बुधाजी कोयंडे डबे उलटे करून लाद्या काढत होता.
"मासळी खंय आसा?"
मासळी नाही. मला टोचून बघायचंय.
त्याने पावतीबुक उघडलं.
बोटीच्या नावाच्या रकान्याशी पेन थोडं थांबलं,
मग त्याने तिथे माझंच नाव लिहिलं.

पहिली आइस अ‍ॅक्स, सगळी अ‍ॅल्युमिनियमची,
दोन मध्यम बांगड्यांच्या वजनाची.
पाठीवर आहे हेच विसराल, दुकानदार फोनवर म्हणाला होता.
मी घाव घातला.
लादीने तो दारातूनच परत पाठवला.
"हलक्या हत्याराक धन्याचो जोर लागता,"
बुधाजी म्हणाला, माझ्याकडे न बघता.
पहाटे तीनला निघून, पाच हजार मीटरवर,
पाठीवर स्की बांधलेल्या धन्याकडे
किती जोर उरतो ते मी पाहिलंय.

दुसरी देखणी. दांडा धनुष्यासारखा,
चोच गळासारखी उलटी वळलेली.
एका घावात चार बोटं आत.
काढायला मात्र दोघं लागलो.
बाहेर, बांधकामाच्या वाळूच्या ढिगात
तिचा दांडा खुपसून पाहिला. पोटातच अडला.
उभ्या भिंतीसाठी घडवलेली ती,
आणि माझी वाट बहुतेक तिरकी,
दुपारी मऊ, सावलीत काच,
खिंडीखाली दगड आणि बर्फ एकमेकांत घुसलेले.

तिसरी कशातच पहिली नाही.
दांडा हलका, चोच पोलादी,
मानेखाली जरासा बाक, पुढे सरळ,
मागच्या बाजूला हातभर कामाचं छोटं फावडं.
लादीत दोन बोटं गेली. निमूट बाहेर आली.
वाळूत दांडा वीतभर, नंतर आणखी वीतभर.
जेटीच्या जांभ्यात फट शोधून चोच अडकवली,
लटकले. चिरा कुरकुरला, मी नाही.
बुधाजीने आपला कोयता दाखवला:
नारळ, जळण, जुना दोर, परवा कलिंगडसुद्धा.
"ह्यो कशातच हुशार नाय.
म्हणान घरात एकच आसा."

तरीही मी ठरवलं नाही.
गेल्या एप्रिलात नीलाक्षी घसरली,
चाळीस मीटर, पोटावर, काही न ओरडता.
तिची अ‍ॅक्स उत्तम होती. जड होती,
म्हणून सॅकच्या मागे पट्ट्यांत बांधलेली होती,
शेवटपर्यंत तिथेच, नीट बांधलेली.
नीलाक्षी वाचली. गुडघा नाही.
कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं
की हत्यार हातात यायला किती श्वास लागतात.

संध्याकाळी सड्यावर गेले.
वाळल्या गवताचा उतार, खाली करवंदीची जाळी,
त्याखाली समुद्र, नेहमीसारखा कामात.
सॅक आणि पाठ यांच्या फटीत तिसरी खोचली,
दांडा कमरेकडे, डोकं खांद्यामागे,
आणि आडवी होऊन स्वतःला सोडून दिलं.
पहिल्यांदा हाताला पट्टाच लागला.
दुसऱ्यांदा चोच माझ्याच जॅकेटात.
तिसऱ्यांदा करवंद.
एक शेळी चघळायचं थांबून बघत राहिली.
पाचव्यांदा, मी विचार करायच्या आत,
हात मागे गेला, ती निघाली, छातीखाली आली,
आणि गवत उपटत, माती ओढत,
थांबलो आम्ही.

दुसऱ्या दिवशी दोन खोकी कुरिअरने परत.
बुधाजीने पोलादाला खोबरेल चोळून दिलं,
खारो वारो लोखंड खाता, म्हणाला, पैसे घेतले नाहीत.
आमची लादी क्रशरमध्ये गेली होती,
एकोणीस भोकांसकट, कुणाच्या तरी सुरमईवर.
हिमाचलात सॅक उघडेन तेव्हा
तंबूत थोडं बंदर पसरेल. सोबतचे नाक मुरडतील.
पावती गॅरंटीकार्डाबरोबर ठेवली आहे.
बोटीच्या रकान्यात मी.
नग एक.