मुका ह

रेग्लाच्या धक्क्यावरून सकाळी पावणेसातची बोट.
पलीकडे हवाना, मग चालत मंत्रालय,
तिसरा मजला, भाषांतर विभाग. पंखा बंद.
वीज आली की पातं आधी जरासं उलटं सरकतं,
मग फिरायला लागतं.

चौपन्न वर्षांनी दोन सरकारं
एकमेकांना ओळख दाखवणार आहेत.
किनाऱ्यावरच्या त्यांच्या जुन्या इमारतीचं कुंपण रंगवतायत,
झेंड्याच्या खांबाचा गंज खरवडतायत,
आणि माझ्यापुढे अटींचा मसुदा :
नुकसानभरपाई, टपाल, मासेमारीची हद्द,
कलम अकरा,
परिशिष्ट तीन, फरारी इसम.

सातवं नाव हार्लन प्रुइट.

हा कोण, ते कळायला मला अर्धा कप कॉफी लागली.
आमच्या भाषेत ह मुका. लिहायचा, म्हणायचा नाही.
त्र्याहत्तर साली तो विमान पळवून इथं उतरला,
तेव्हाच कुणीतरी त्याचा ह काढून घेतला असणार
पिस्तुलाबरोबर.
तेव्हापासून आर्लान.
सायकलींची पंक्चरं काढणारा, डॉमिनोत हमखास हरणारा,
इडेल्मिसचा दुसरा नवरा,
आणि माझा मास्तर.

मी बारा वर्षांची. तो उपड्या बादलीवर बसलेला.
रन, रॅन, रन.
धावतो, धावला, आणि तिसरं रूप
फिरून पहिल्याच्याच दारात.
असं का, विचारलं तर म्हणाला,
याला नियम नाही. पाठ कर.

मसुद्याला एक पत्र टाचलेलं.
डेटन, ओहायो. लॉरेन हॉस्किन्स,
वय सत्तेचाळीस. माझंच.
वडील बँकेच्या दारावर पहारेकरी.
ती लिहिते : मला तेव्हा नुकतीच गाठ मारता येऊ लागली होती.
त्या सकाळी बाबांच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्या.
पायरीवर चादर घातलेली होती, बूट तेवढे बाहेर.
डाव्या बुटाची गाठ सुटली नव्हती.
तुमच्याकडे पत्रं पोचत नव्हती त्या वर्षीही
मी पत्र लिहिलं होतं.

तिचा एकेक भूतकाळ मी स्पॅनिशमध्ये आणत गेले,
त्यानं शिकवलेल्या इंग्रजीच्या आधारानं.
शूट, शॉट, शॉट.
हेही त्यानंच पाठ करून घेतलं होतं.
म्हणताना जरा थांबला होता का?
थांबला होता असं आठवतंय,
पण तसं आठवावं असं मला वाटतंय,
म्हणून त्यावर भरवसा नाही.

दुपारी विभागप्रमुख टेबलाशी आले.
कलम अकरावर घोडं अडलंय.
‘सोपवणे’ नको, ‘विचारार्थ घेणे’ बघ बसतं का.
दोघांनाही आपापलं वाचता आलं पाहिजे.
मी शब्द बसवला. घट्ट बसला.
हॉस्किन्सबाईंचं पत्र मात्र मोघम होईना.

परतीच्या बोटीत तो होता.
एकाहत्तरचा, खांद्यावर ट्यूब, हातात सायकल.
पस्तीस वर्षांची ओळख,
आणि मी पाण्याकडे पाहत राहिले.
त्याचा हात अर्धा वर आला,
तिथूनच खाली वळला,
आणि टायरचा व्हॉल्व्ह तपासू लागला.
आमच्यामध्ये सायकलभर जागा,
एक पोतं कांदे, एका बाईचं झोपलेलं पोर.

धक्का आला. दोर फेकला.
गर्दीत मागून आवाज, इंग्रजीत, हळू :
कितवा?

सातवा.

ह लिहिलाय?

लिहिलाय.

त्यानं मान हलवली,
गृहपाठ तपासताना हलवायचा तशी.
सायकल उचलून फळीवर ठेवली.
म्हणाला, इडेल्मिसला आज सांगू नकोस,
उद्या तिची दाढ काढायचीय.