ओली फरशी

सोमवारचा तास. फळ्यावर मीच लिहिलं :
'रुग्णाशी व सहकाऱ्यांशी सौजन्य'.
समोर वीसजणी, निम्म्या रात्रपाळीवरून तशाच आलेल्या.
पंखा परभणीचं ऊन नुसतं ढवळतोय.

मी सांगते : खाट नंबर अकरा म्हणायचं नाही.
त्यांचं नाव गयाबाई. जिंतूरकडच्या. पित्ताशयाचं ऑपरेशन.
सुई टोचण्याआधी सांगायचं, टोचतेय म्हणून.
चादर काढण्याआधी विचारायचं, पडदा ओढायचा,
आणि पडदा फाटका असेल तर
पाठ करून आपणच पडदा व्हायचं.
त्या लिहून घेतात. कुणीतरी खाली रेघ मारतं.

हे मात्र सांगत नाही,
की पहिल्या वर्षाला मेट्रनबाईंनी माझा ट्रे उधळला होता
अख्ख्या वॉर्डादेखत,
मी गुडघ्यावर बसून वेचत होते, आणि एक चिमटा
शेवटपर्यंत सापडलाच नाही.
त्याचे पैसे विद्यावेतनातून कापले.

दुपारी प्रॅक्टिकल. हातात मार्कांचा कागद, मी घाईत.
"ए, बादली सरकव,"
म्हणत पुसल्या फरशीवरून तरातरा
अकरा नंबरपाशी.
हो, अकरा नंबरच म्हणाले.

वळून बघते तर हत्तीअंबीरे मागे नाहीच.
प्रतीक्षा हत्तीअंबीरे, मागच्या बाकावरची,
व्याख्या विचारली की ओढणीचं टोक चावणारी,
दारातच उभी, ड्रेसिंगचा ट्रे छातीशी धरून.
"मावशी, वाळू द्या. थांबते मी."
"जा की व माय, बाई वाट बघायल्यात."
"बघू द्या दोन मिनिटं. सकाळपास्नं
तिसऱ्यांदा पुसायलाव तुम्ही."

तिसऱ्यांदा.
दारापासून इथवर माझ्याच बुटांचे ठसे.
फिनेलचे ठसे वाळले तरी जात नाहीत,
पांढरे उमटतात.

कागदावर रकाना आहे, 'वर्तणूक, दहापैकी'.
वेळेत हजर नसेल तर दोन कापायचे, असा नियम.
पेनाचं टोपण काढते. पुन्हा लावते.

"काय लिहायलाव बाई?" गयाबाई विचारतात,
नळी सांभाळत, कुशीवर होत.
मी हळूच म्हणते, "त्या मावशींचं नाव काय हो?"
अकरा वर्षं झाली मला या वॉर्डात.
गयाबाईंना चौथा दिवस.

"कोन, शकुंतला?
झरीची हाय ती. गुडघा लई दुखतो तिचा."